बाल्कनीतलं पान पांढरं का पडलं?

मुलुंडच्या एका ताईंनी विचारलंय: पावसाळाभर हॉलमध्ये असलेला मनीप्लांट आणि पीस लिली ऑक्टोबर लागताच त्यांनी दक्षिणेकडच्या बाल्कनीत नेऊन ठेवली. तिसऱ्या-चौथ्या दिवशी वरच्या पानांवर पांढुरके चट्टे आले, आठवडाभरात ते वाळून तपकिरी, कागदासारखे झाले. शेजारच्या काकू म्हणाल्या, भर उन्हात पाणी मारलंत, थेंबांचं भिंग झालं. नर्सरीवाल्याने खताची कमतरता सांगून सूक्ष्म अन्नद्रव्यांची बाटली गळ्यात मारली. मुलाने इंटरनेटवर ‘रिॲक्टिव्ह ऑक्सिजन’ वाचलं आणि व्हिटॅमिन सीच्या गोळ्या विरघळवून फवारायला सांगितलं. ताईंचा प्रश्न सरळ आहे: झाड जर उन्हावरच जगतं, तर उन्हानेच ते जळेल कसं?

तिघा सल्लागारांत मुलगा दुखण्याच्या सर्वांत जवळ पोचलाय, औषध मात्र त्याचंही चुकलं. नर्सरीवाला थोडासा बरोबर असू शकतो. काकूंचं भिंग सोडून द्या, त्यावर पुढे लिहिते. मी मुंबईत वर्षानुवर्षं वनस्पतिक्रियाशास्त्र शिकवत आले आणि पानांवर प्रकाशाचा ताण मोजणं हे माझं रोजचं काम होतं, त्यामुळे उत्तर जरा लांबणार आहे.

आधी प्रकाशाचा हिशेब. आपला डोळा उजेडाशी फार पटकन जुळवून घेतो, म्हणून हॉल आपल्याला ‘भरपूर उजेडाचा’ वाटतो. पानाला ती सोय नाही. पानावरचा प्रकाश मोजतात तो दर सेकंदाला दर चौरस मीटरवर किती मायक्रोमोल फोटॉन पडले यावर. निरभ्र दुपारी उघड्यावर हा आकडा २००० च्या घरात जातो. खिडकीपासून दोन-तीन मीटर आत, सोफ्याच्या बाजूला, बहुतेक घरांत तो ५० सुद्धा भरत नाही. कुंडी उचलून तुम्ही चार पावलं चाललात, तेवढ्यात पानाच्या वाट्याचा प्रकाश चाळीस पट झाला. ऊस किंवा मका भर दुपारचं ऊनही बऱ्यापैकी कामी लावतात. भाताचं पान त्याच्या निम्म्याच्या आसपास ‘पुरे’ म्हणतं. पीस लिली मुळात दाट जंगलाच्या तळाशी वाढणारी. तिच्या पानाला एक-दोनशेच्या पुढचा प्रकाश फारसा वापरताच येत नाही.

पान ‘पुरे’ म्हणालं तरी हरितद्रव्य प्रकाश शोषायचं थांबत नाही, आणि सगळी गोची तिथे आहे. फोटॉन शोषलेला हरितद्रव्याचा रेणू उत्तेजित होतो आणि ती ऊर्जा त्याला काही नॅनोसेकंदांत कुठेतरी द्यावीच लागते. ती प्रकाशसंश्लेषणाच्या केंद्राला गेली तर उत्तम. नाहीतर उष्णता म्हणून जाते, किंवा मंद लाल प्रकाश म्हणून बाहेर पडते. यातलं काहीच वेळेत झालं नाही, तर रेणू ‘ट्रिपलेट’ नावाच्या अवस्थेत घसरतो. ही अवस्था हजारो पट जास्त टिकते, आणि तेवढ्या वेळात त्याची ऑक्सिजनशी गाठ पडते.

हवेतल्या साध्या ऑक्सिजनच्या इलेक्ट्रॉनांची मांडणीच अशी आहे की एरवी तो बहुतेक सेंद्रिय पदार्थांशी फटकून वागतो. नाहीतर आपल्या घरातलं लाकूड, कापड, आपण स्वतः, कुणीच टिकलं नसतं. ट्रिपलेट हरितद्रव्याने आपली ऊर्जा त्याला दिली की हा अडसर जातो आणि तयार होतो सिंगलेट ऑक्सिजन. मग त्याला धरबंध राहत नाही. पटलातली मेदाम्लं, प्रथिनं, खुद्द हरितद्रव्य, जे शेजारी सापडेल त्यावर तो तुटून पडतो. आयुष्य फार तर काही मायक्रोसेकंदांचं, त्यामुळे जिथे जन्मतो तिथेच नासधूस करतो. आणि जन्मतो तो हरितलवकाच्या आतल्या थायलाकॉइड पटलांत, म्हणजे जिथे पाणी फोडून ऑक्सिजन बनवायचं काम चालू असतं, अगदी तिथेच. तुमच्या पानावरचे चट्टे आधी पांढुरके दिसले ते हरितद्रव्य असं नासल्यामुळे. तपकिरी रंग नंतरचा, पेशी मेल्यावरचा.

याचा पहिला बंदोबस्त म्हणजे कॅरोटिनॉइड. गाजराला रंग देणारं बीटा-कॅरोटिन याच कुळातलं. ही रंगद्रव्यं हरितद्रव्याला अगदी खेटून बसलेली असतात, ट्रिपलेटची ऊर्जा आपल्यावर घेतात आणि निमूटपणे उष्णतेत घालवतात. ती नसती तर काय झालं असतं, हे पाहायला प्रयोगशाळेत जायची गरज नाही. मक्याच्या शेतात टेंबोट्रायोन नावाचं तणनाशक मारतात. ते हरितद्रव्याला हात लावत नाही. कॅरोटिनॉइड बनण्याच्या साखळीतला एक दुवा तोडतं. तणाची नवी पानं उन्हात खडूसारखी पांढरी निघतात आणि तण मरतं. मक्याला ते औषध पचवता येतं म्हणून मका हिरवाच राहतो.

दुसरा बंदोबस्त जास्त चलाख आहे. प्रकाश वाढला की थायलाकॉइडच्या आतली पोकळी आम्लधर्मी होते. त्या आम्लतेने एक विकर (एन्झाइम) जागं होतं आणि व्हायोलाझँथिन नावाच्या पिवळ्या रंगद्रव्याचं झियाझँथिनमध्ये रूपांतर करतं. सोबत पीएसबीएस नावाचं प्रथिन आम्लता ओळखतं आणि प्रकाश गोळा करणाऱ्या संचाची रचना बदलते. मग जास्तीची ऊर्जा केंद्रापर्यंत पोचण्याआधीच उष्णता होऊन निघून जाते. भर दुपारी पानाने शोषलेल्या प्रकाशाचा मोठा भाग असाच फुंकला जातो. ही व्यवस्था मिनिटांत चढते, पण उतरायला वेळ घेते; ढग आला तरी पान काही काळ ऊर्जा उधळतच राहतं. २०१६ साली अमेरिकेतल्या इलिनॉयमध्ये संशोधकांनी तंबाखूच्या झाडात हे उतरणं जलद केलं, तर शेतातल्या झाडांचं वजन १५ टक्क्यांच्या आसपास वाढलं. संरक्षणाची किंमत झाड किती मोजत असतं, याची यावरून कल्पना यावी.

तुमच्या हॉलमधल्या पानाकडे या बंदोबस्ताचा साठा तुटपुंजा होता. सावलीत वाढलेलं पान वेगळ्याच धोरणाने बांधलेलं असतं: मिळेल तो प्रत्येक फोटॉन पकडायला प्रकाश गोळा करणारे संच मोठे, आणि त्या ऊर्जेतून साखर करणारी विकरं कमी. झियाझँथिनचा कच्चा माल थोडा, पानाची जाडीही कमी. पकडायची ताकद जास्त आणि वापरायची कमी, अशा अवस्थेत ते ऑक्टोबरच्या उन्हात आलं.

आता मधला, मला सर्वांत रोचक वाटणारा भाग. पाणी फोडणारी जी यंत्रणा आहे, प्रकाशप्रणाली २, तिच्या गाभ्यात डी-१ नावाचं एक प्रथिन असतं. प्रकाशात हे प्रथिन सतत मोडत असतं. कडक उन्हातच मोडतं असं नाही, सौम्य उजेडातही मोडतं, फक्त प्रकाश जितका जास्त तितकं भराभर. मोडलं की अख्खा संच पटलाच्या दाट थप्प्यांतून बाजूच्या मोकळ्या भागात सरकतो, विकरं मोडका डी-१ कापून काढतात, नवा डी-१ तिथेच तयार होऊन बसवला जातो आणि संच पुन्हा कामाला लागतो. भर उन्हात या प्रथिनाचा अर्धायुष्यकाळ तासाभराच्याही आत येतो. मुंबईच्या रस्त्यांसारखंच हे: खड्डे पावसाळाभर पडतच असतात, रस्त्याची अवस्था ठरते ती बुजवण्याचा वेग किती यावर.

हे सिद्ध करणारा प्रयोग साधा आहे. पानाचा देठ लिंकोमायसिनच्या द्रावणात ठेवायचा. हे जिवाणूंवरचं प्रतिजैविक आहे, पण हरितलवकाचे पूर्वज स्वतःच एके काळचे जिवाणू, त्यामुळे त्यांच्यातली प्रथिनं बनवणारी यंत्रणाही त्याने बंद पडते. नवा डी-१ बनणं थांबलं की पान एरवी सहज सोसणाऱ्या प्रकाशातही तासातासाला खालावत जातं. मोजायला फ्लुओरोमीटर असतो. पानाला छोटा चिमटा लावून वीस-तीस मिनिटं अंधारात ठेवायचं, मग प्रकाशाचा झोत टाकून पानातून परत येणारा लाल प्रकाश मोजायचा. त्यावरून प्रकाशप्रणाली २ ची कमाल कार्यक्षमता ० ते १ मधल्या एका आकड्यात कळते. निरोगी पान, मग ते आंब्याचं असो की जास्वंदाचं, ०.८३ च्या आसपास आकडा देतं. बाहेर काढलेल्या सावलीतल्या पानाचा आकडा पहिल्याच दुपारी ०.६ च्या खाली गेलेला मी पाहिलाय, आणि तेव्हा पान डोळ्यांना ठणठणीत हिरवंगार दिसत होतं. तेवढ्यावर त्याला परत सावलीत नेलं तर एक-दोन दिवसांत ते सावरतं. चट्टा दिसतो तोवर वेळ गेलेली असते.

डी-१ नेमका कशाने मोडतो, यावर आमच्या क्षेत्रात जुना वाद आहे. एका मताप्रमाणे सिंगलेट ऑक्सिजन त्यावर थेट घाव घालतो. दुसरं मत असं की पाणी फोडणारा मँगनीजचा गुच्छ अतिनील आणि निळ्या प्रकाशाने आधी विस्कटतो, बाकीचं त्यामागून येतं. जपानमधल्या मुराता आणि निशियामा यांच्या गटाने तिसरीच बाजू पुढे आणली: क्रियाशील ऑक्सिजन (मुलाने वाचलेला ‘रिॲक्टिव्ह ऑक्सिजन’ तो हाच) मुख्यतः मोडतोड करत नाही, दुरुस्ती अडवतो, कारण नवं प्रथिन विणणाऱ्या यंत्रणेतले घटक त्याने निकामी होतात. मला तिन्हींत तथ्य दिसतं, पण बागेतल्या अनुभवाशी तिसरं जास्त जुळतं. पाण्याचा ताण, नत्राची उणीव, बंद काचेमागची उष्णता, अशा कुठल्याही कारणाने दुरुस्ती मंदावली की तेवढ्याच उन्हात जास्त पानं जळतात.

पाण्यातून निघालेले इलेक्ट्रॉन पुढे पोचवणाऱ्या साखळीच्या दुसऱ्या टोकाला, प्रकाशप्रणाली १ पाशी, वेगळा उपद्रव आहे. हे इलेक्ट्रॉन शेवटी कार्बन डायऑक्साइडपासून साखर करण्याच्या कामी जायला हवेत. दुपारी झाड तहानलं की पर्णरंध्रं मिटतात, आत कार्बन डायऑक्साइडचा तुटवडा होतो आणि इलेक्ट्रॉन तुंबतात. तुंबलेले इलेक्ट्रॉन ऑक्सिजन उचलतो आणि सुपरऑक्साइड बनतं. हरितलवकात इलेक्ट्रॉन असे ऑक्सिजनकडे वळतात हे मेहलर यांनी १९५१ सालीच दाखवलं होतं. सुपरऑक्साइडचं एक विकर हायड्रोजन पेरॉक्साइड करतं. जखमेवर लावायचं तेच हे, पण हरितलवकात त्याच्या थोड्याशा प्रमाणानेही साखर बनवणारी विकरं बंद पडतात. म्हणून दुसरं विकर ॲस्कॉर्बेट वापरून लगेच त्याचं पाणी करतं. ते राहून गेलं आणि मोकळं लोह भेटलं, तर हायड्रॉक्सिल मूलक तयार होतं, आणि त्यावर झाडाकडे काहीही उतारा नाही.

ॲस्कॉर्बेट म्हणजेच व्हिटॅमिन सी, आणि मुलाची कल्पना इथूनच आली असणार. हरितलवकात ते आधीच भरपूर असतं, आणि वापरलं गेलेलं ॲस्कॉर्बेट पुन्हा ताजं करायची सोयही तिथेच असते. गोळ्यांचं पाणी पानावर फवारलं तर बाहेरच्या मेणचट थरातून आत जातं अगदी थोडं. बाकीचं हवेत नासतं, आणि पाण्यात लोह किंवा तांबं असलं तर नासताना उलट हायड्रोजन पेरॉक्साइडच बनवतं. गोळ्या घरच्या माणसांसाठी ठेवा.

तुंबलेल्या इलेक्ट्रॉनांची ताकद किती, हे पॅराक्वाट या तणनाशकावरून कळतं. ते प्रकाशप्रणाली १ वरून इलेक्ट्रॉन उचलून थेट ऑक्सिजनच्या हातात देतं, बस्स. कडक उन्हात तण काही तासांत करपतं. अंधारात फवारलेलं तण सकाळपर्यंत बऱ्यापैकी हिरवं राहतं. (हे विष माणसाच्या पोटात गेलं तर त्यावर खात्रीचा उतारा नाही. घरच्या बागेत ते कुणी आणू नये.)

आणखी एक गोष्ट पुस्तकांत मागच्या पानांवर ढकलली जाते. पेशीचं मरण हा दर वेळी निव्वळ नासधुशीचा परिणाम नसतो. झुरिकच्या संशोधकांनी २००४ साली ॲराबिडॉप्सिस या छोट्या रोपात दाखवलं की एक्झिक्युटर-१ नावाचं एक प्रथिन काढून टाकलं, तर सिंगलेट ऑक्सिजन तेवढाच तयार होऊनही रोपं तगतात. म्हणजे त्या ऑक्सिजनने एक निरोप दिला होता आणि मरायचा कार्यक्रम पेशीने स्वतः चालवला होता. तुमच्या चट्ट्यांतही झाडाचा स्वतःचा असा काही वाटा असू शकतो.

आता पानं हातात घ्या आणि नीट बघा. एका पानावर दुसरं पान आलेलं होतं, तिथे काय दिसतं? उन्हाने जळलेल्या पानावर वरच्या पानाची सावली छापल्यासारखी उमटते: सावलीतला भाग हिरवा, कडेशी सरळ रेघ, पलीकडे पांढरं. चट्टा शिरांना जुमानत नाही, आणि सूर्याकडे काटकोनात असलेला पानाचा फुगीर भाग आधी जातो. मॅग्नेशियमच्या कमतरतेत याच्या उलट: जुनी, खालची पानं आधी पिवळी, शिरा हिरव्या आणि मधली जागा फिकट.

पण नर्सरीवाल्याला मी पूर्ण खोटं पाडणार नाही. मार्शनर आणि चाकमाक यांनी १९८९ साली घेवड्याच्या रोपांना जस्त, पालाश किंवा मॅग्नेशियम कमी दिलं आणि पानाचा थोडा भाग झाकून ठेवला. उघडा भाग पिवळा पडून वाळला, झाकलेला हिरवा राहिला, पान एकच. उपाशी पान प्रकाश कमी वापरू शकतं, म्हणून तेवढाच प्रकाश त्याला जास्त बाधतो. तेव्हा वर्ष-दोन वर्षं कुंडीतली माती बदललेली नसेल तर खताचा विचार जरूर करा, पण झाड सावरल्यावर. जळालेल्या झाडाला आत्ता बाटली ओतून काही साधणार नाही.

भिंगाचं प्रकरण हंगेरीच्या संशोधकांनी २०१० मध्ये नीट तपासलं. गुळगुळीत पानावर थेंब चपटा पसरतो, त्याचा केंद्रबिंदू पानाच्या बराच खाली पडतो आणि पान जळत नाही. लव असलेल्या पानावर थेंब उंच धरला जातो, तिथे हे होऊ शकतं. त्यांना ते साल्व्हिनिया या पाण्यावर तरंगणाऱ्या नेच्यावर दिसलं. मनीप्लांट आणि पीस लिली दोन्ही तुकतुकीत, त्यामुळे काकूंचा मुद्दा इथे लागू नाही. दुपारी पाणी घातल्याने उलट पर्णरंध्रं उघडी राहायला मदतच झाली असेल.

दक्षिणेकडची बाल्कनी आणि ऑक्टोबर, ही जोडी मात्र मुंबईत फसवी आहे. आपण १९ अंश उत्तर अक्षांशावर. मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत दुपारचा सूर्य डोक्यावर, किंबहुना किंचित उत्तरेला असतो. वरच्या मजल्याच्या स्लॅबमुळे दक्षिणेच्या बाल्कनीत थेट ऊन जवळपास येतच नाही, त्यात पावसाळी ढग. पावसाळ्यात ती बाल्कनी सौम्य वाटते आणि माणूस तोच अंदाज धरून बसतो. ऑक्टोबरच्या मध्याला दुपारचा सूर्य दक्षिणेला कललेला, क्षितिजापासून साधारण ६२ अंशांवर असतो, डिसेंबरअखेर ४७-४८ वर. म्हणजे ढग हटतात त्याच सुमारास ऊन स्लॅबखालून आत शिरायला लागतं, आणि ते थंडीभर आत आत येत जातं. ऑक्टोबर हीटच्या नावाने आपण उष्णतेला दोष देतो. पानाच्या बाबतीत हवा ३५ अंशांची असणं हे दुय्यम कारण आहे.

काय करायचं ते सांगते. पीस लिली आत न्या, खिडकीजवळ पण थेट उन्हाबाहेर. तिला त्या बाल्कनीची सवय लावायच्या भानगडीत पडू नका. मनीप्लांट जुळवून घेऊ शकतो, पण जुनी पानं नाहीत. पूर्ण वाढलेल्या पानाची जाडी आता बदलत नाही. उन्हाच्या बेताचं पान नव्यानेच बनावं लागतं. त्यामुळे त्याला आधी सकाळचं तासभर ऊन लागेल अशा जागी ठेवा, दोन-तीन आठवड्यांत हळूहळू वाढवा, दुपारसाठी ५० टक्क्यांची हिरवी जाळी बांधा. पाणी सकाळी घाला, म्हणजे दुपारी पर्णरंध्रं मिटणार नाहीत. काचेची सरकती खिडकी बंद ठेवू नका. अर्धवट जळालेली पानं लगेच छाटू नका. हिरवा भाग अजून साखर करतोय आणि खालच्या पानांवर सावलीही धरतोय. पांढरा झालेला भाग परत हिरवा होत नाही. पुढची दोन-तीन पानं आकाराने थोडी लहान, जाडसर आणि किंचित पिवळसर हिरवी आली तर घाबरून परत आत नेऊ नका, ती त्या उन्हाच्या मापानेच घडलेली आहेत. पूर्ण कागदासारखी झालेली पानं तेव्हा काढा.